सुपरग्लूचं काम धरण्याचं, जोडण्याचं नव्हे

प्रश्न : ६ मिमी मरीन प्लायची आठ फुटी होडी बांधतोय, गावच्या तळ्यात वल्हवायला. तारेचे टाके घालायला वेळ लागतो, म्हणून तळ आणि बाजू सुपरग्लूने चिकटवल्या. दोन मिनिटांत घट्ट बसल्या. सकाळी होडी उलटी करताना एक सांधा टक्कन सुटला. ग्लू कमी पडला का? – एक वाचक, पुणे

उत्तर : कमी नाही, बहुधा जास्तच पडला. सुपरग्लू हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्याने धरतो, आणि त्याचा थर जितका पातळ तितकी पकड चांगली. तुमच्या प्लायच्या कडा कोनात भेटतात, त्यामुळे मध्ये फट राहते. ती ग्लूने भरली की कडक पण ठिसूळ असा सांधा होतो. सरळ ओढ तो सोसेल, पण पीळ पडला किंवा ठोका बसला की टक्कन सुटणारच. पाण्यात होडीचा प्रत्येक सांधा सतत हलत असतो, लाकूड फुगतं, आकसतं. तिथे याच्यावर विसंबू नका. आत माणसं बसणार आहेत.

म्हणून बाटली फेकू मात्र नका. माझ्या कामाच्या जागी ती कायम हाताशी असते. वीतवीतभर अंतरावर एकेक थेंब टाकून फळ्या जागेवर धरायच्या आणि मधल्या मोकळ्या जागेत इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणारं चिकटद्रव्य, भरायचं. लाकडाचा बारीक भुसा मिसळून ते श्रीखंडाइतकं घट्ट करा, आतल्या कोपऱ्यात चमच्याच्या पाठीने गोलसर भर द्या आणि वर इपॉक्सीत भिजवलेली फायबरग्लासची पट्टी बसवा. पलटवून बाहेरूनही तसंच. होडीची ताकद या भरीत आणि पट्टीत असते.

रंधा मारताना सागाची ढलपी उचलली गेली, तर पातळ ग्लूचा एक थेंब आणि वर प्लॅस्टिकचा तुकडा दाबून धरणं, याला तोड नाही.

पाच मिनिटांचं इपॉक्सीही होडीच्या सांध्याला नको. पाणी आणि उष्णता सोसण्यात ते सावकाश धरणाऱ्यापेक्षा कमी पडतं. सावकाश धरणारंसुद्धा एप्रिलच्या उन्हात वाटीत साठवून ठेवलं की तापून हातातच घट्ट होतं. थोडं थोडं कालवा आणि पसरट ताटलीत ओता.

एक कळकळीची सूचना. एकदा सांडलेला ग्लू मी जुन्या सुती बनियनच्या फडक्याने पुसला. क्षणात फडक्यातून धूर निघाला आणि दोन बोटांना फोड आले. सूत आणि हा ग्लू भेटले की फार उष्णता निघते. सुती हातमोजे घालून हे काम कधीच करू नका, आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

आता तुमची होडी. सुटलेल्या कडांवर ग्लूची काचेसारखी चकाकी दिसेल. त्यातून इपॉक्सी लाकडात मुरत नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ती पूर्ण घासून कोरं लाकूड वर काढा. बाकीचे सांधे उघडायची गरज नाही. तेही तसेच घासून त्यांवर भर आणि पट्टी चढवा.