फी कोणाची, खर्च कोणाचा?

एका ताईंचा प्रश्न आहे. माहेरच्या मिळकतीच्या वाटपाचा दावा लावायला त्यांनी वकील दिला, ठरलेली फी भरली. आता वकील म्हणतात, ‘कोर्ट फी वेगळी.’ मग ‘फी’त कोर्ट फी येत नाही का? आणि ‘दावा खर्चासह मंजूर’ म्हणजे कोणाचा खर्च?

फी हा एकच शब्द दोन्हीकडे आल्याने घोटाळा होतो. वकिलाची फी हा त्याचा मेहनताना. कोर्ट फी सरकारजमा होते आणि ती दावा लावणाऱ्याने भरायची. वकीलपत्रावरचं तिकीट, समन्सचा खर्च, नकला, साक्षीदाराचा भत्ता हेही त्याच्याकडेच. म्हणून बोलणी करताना ‘सगळं धरून की सोडून?’ एवढं विचारून घ्यावं.

इथे ‘अशील’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. अरबी ‘असील’ म्हणजे मूळ, मुख्य माणूस. ‘वकील’ म्हणजे त्याने आपल्या वतीने नेमलेला. काम अशिलाचं, म्हणून त्याचा भारही अशिलावर, हे नातं त्या जोडीतच आहे. हल्ली रुळलेला ‘पक्षकार’ त्यात उणा पडतो. तो वादीलाही लागतो, प्रतिवादीलाही; वकिलाशी असलेला संबंध त्यातून कळत नाही.

आता ‘खर्चासह’. दावा खर्चासह मंजूर झाला तर वादीचा खर्च प्रतिवादीने द्यायचा. खर्चासह फेटाळला तर प्रतिवादीचा खर्च वादीने. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ चा रोख हरणाऱ्याने खर्च द्यावा असाच आहे. न्यायाधीशाला तसं नको असेल तर कारण लिहावं लागतं, आणि मग ‘उभयतांनी आपापला खर्च सोसावा’ हे वाक्य येतं. मात्र हा ‘खर्च’ रोजच्या बोलण्यातला नव्हे. हुकूमनाम्याच्या, म्हणजे निकालावरून निघणाऱ्या कोर्टाच्या लेखी आदेशाच्या, तक्त्यात बसेल तेवढाच तो. वकिलाची फीसुद्धा त्यात नियमांच्या कोष्टकाप्रमाणे धरतात, आपण मोजली तेवढी नाही. जिंकूनही बरीच रक्कम पदरची जाते ती यामुळे.

ताईंसाठी एक महत्त्वाचं. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्तेचे वाद, पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ केलेली आहे. पैसे देण्याआधी आपल्या दाव्याला ती माफी लागते का, हे वकिलांना जरूर विचारा.