४० बाय ३०च्या हॉटेलात दोन मोठे टॉप लावावेत की छतात छोटे स्पीकर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला फॅमिली रेस्टॉरंट उघडताय. मुख्य हॉल ४० बाय ३० फूट, लागून १५ बाय १२ची फॅमिली रूम, बाहेर ३० बाय १५चं अंगण. पीओपीचं छत जमिनीपासून १० फुटांवर येणार आणि पंधरा दिवसांत बंद होणार. दुकानदार म्हणतोय, १५ इंची दोन टॉप (मंडपात लावतात ते मोठे स्पीकर) आणि १००० वॅटचा अँप (आवाज वाढवणारं यंत्र) घ्या. घ्यावं का?

नका घेऊ. टॉप चांगलेच असतात, पण ते मंडपासाठी आणि लग्नाच्या हॉलसाठी. तिथे लोक नाचायला किंवा भाषण ऐकायला येतात. तुमच्याकडे माणसं जेवता जेवता बोलणार आहेत. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. म्हणजे कोपऱ्यातल्या टॉपचा आवाज १ मीटरवर ८५ डेसिबल असेल, तर ८ मीटरवर तो ६७ होतो. बंद हॉलमध्ये भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून फरक थोडा कमी पडतो, पण तक्रार तीच राहते: टॉपखालचं टेबल ‘जरा कमी करा’ म्हणतं आणि मागच्या टेबलाला गाणं कुठलं चाललंय तेही कळत नाही. जास्त वॅट घेऊन हे सुटत नाही, कारण वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि तोही सगळ्याच टेबलांवर सारखा, म्हणजे फरक तसाच राहतो.

तुम्हाला हवेत बरेच छोटे स्पीकर, डोक्यावर सारख्या अंतराने लावलेले आणि हळू वाजणारे.

किती लागतील ते कागदावर काढता येतं. खुर्चीत बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असतो. छत १० फुटांवर, म्हणजे मधलं अंतर ६ फूट. बऱ्याच सीलिंग स्पीकरांचा आवाज ९० अंशांत पसरतो असं धरलं, तर कानाच्या पातळीवर १२ फूट व्यासाचं वर्तुळ मिळतं. (तुम्ही घ्याल त्या मॉडेलच्या पत्रकात हा कोन बघून घ्या.) वर्तुळं थोडी एकमेकांवर यायला हवीत म्हणून दोन स्पीकरांत १० फूट अंतर ठेवा. ४० फुटांच्या बाजूला चार, ३० फुटांच्या बाजूला तीन, एकूण १२. भिंतीपासून पहिला स्पीकर ५ फुटांवर, म्हणजे मधल्या अंतराच्या निम्म्यावर. चार स्पीकरांच्या बरोबर मध्ये आवाज किंचित कमी लागेल, पण गिऱ्हाइकाला तो जाणवणार नाही. फॅमिली रूमला दोन, वॉशरूमच्या बोळात एक, अंगणाला भिंतीवरचे तीन.

स्पीकर ५ किंवा साडेसहा इंची घ्या, ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) वेगळा असलेला. ८ इंची एकेरी कोन (ट्विटर नसलेला) स्वस्त मिळतो, पण वरचे सूर तो टॉर्चसारखे सरळ खाली टाकतो. बरोबर खालच्या खुर्चीला टोचतं आणि शेजारच्या टेबलाला गाणं दबलेलं वाटतं.

आता वायरिंग. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हे सगळे स्पीकर १०० व्होल्ट लाईनवर जोडा. साधे ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अँपला ४ ओहम दिसतात, चार जोडले की २ ओहम. तिथे बरेच अँप स्वतःला वाचवायला बंद पडतात किंवा जळतात. १०० व्होल्ट पद्धतीत प्रत्येक स्पीकरमागे छोटा लाईन ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर दीड, ३, ६, १० वॅट असे टॅप असतात, म्हणजे तो स्पीकर किती वॅट ओढेल ते निवडायच्या जागा. मग ओहमचं गणित उरतच नाही, फक्त वॅटची बेरीज करायची. हॉलचे १२ स्पीकर ६ वॅटवर म्हणजे ७२. फॅमिली रूमचे दोन ३ वॅटवर म्हणजे ६. बोळातला एक ३ वॅटवर. अंगणातले तीन १० वॅटवर म्हणजे ३०. बेरीज १११. त्यावर पाव भाग राखीव धरला की १३९ होतात, म्हणून १६० वॅटचा मिक्सर अँप पुरतो. आहुजासारख्या लाउडस्पीकर-अँपच्या कंपन्यांकडे या मापाचे तयार मिळतात. १००० वॅटचं काही काम नाही.

६ वॅट कमी वाटतात ना? बघा. पत्रकात ८८ डेसिबलची सेन्सिटिव्हिटी लिहिलेला स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८८ डेसिबल देतो. कान १.८ मीटर लांब, म्हणून ५ गेले. ६ वॅटचे ८ मिळाले. कानापाशी ९१ झाले. तुम्हाला लागणार ६५ ते ७०, मग उरलेले वीसेक डेसिबल ढोलकीच्या थापेला आणि गाण्यातल्या चढउतारांना मोकळे राहतात.

टॅपच्या बटणाकडे स्वतः लक्ष द्या. बऱ्याच सीलिंग स्पीकरांना पुढून किंवा मागून फिरवायचं बटण असतं, त्यावर वॅटच्या आकड्यांच्या रांगेतच ‘८ ओहम’ अशीही एक खूण असते. त्या जागी ट्रान्सफॉर्मर बाजूला पडतो. अठरा स्पीकरांतला एक जरी चुकून तिथे राहिला, तरी १०० व्होल्ट थेट त्याच्या कॉइलवर येतात. तो जळतो, आणि सगळी लाईन दबून अँप बंद पडतो. वायरमनने शिडीवर चढण्याआधी सगळे स्पीकर टेबलावर मांडून बटणं लावावीत आणि प्रत्येकावर मार्करने वॅट लिहावेत.

वायर दीड चौरस मिलिमीटरची दोन कोअरची, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दुकानात तशीच दिसते, पण वजनाला हलकी लागते. टोक खरवडलं की आतून पांढरं दिसतं. ती नको. ५० मीटरच्या लाईनला जाऊन-येऊन साधारण १.२ ओहम रेझिस्टन्स पडतो. ४ ओहमच्या जोडणीत त्यापायी जवळजवळ पाव व्होल्टेज वायरीतच संपतं, १०० व्होल्ट लाईनवर एक-दीड टक्का. एका स्पीकरवरून दुसऱ्यावर अशी साखळी घ्या, पण जोड फक्त स्पीकरच्या कनेक्टरमध्ये. छताच्या पोकळीत पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड राहू देऊ नका. पुढे खरखर सुरू झाली की तो शोधायला पीओपी फोडावं लागतं. वायर पीव्हीसी पाईपमधून न्या, कारण छतात उंदीर येतातच. लाईटच्या वायरींपासून फूटभर लांब ठेवा. ओलांडावी लागली तर काटकोनात. आणि १०० व्होल्टचा शॉक चांगलाच बसतो, त्यामुळे अँप बंद केल्याशिवाय कोणी लाईनला हात लावू नये.

गल्ल्यापासून चार वेगळ्या लाईन काढा: हॉलचा पुढचा अर्धा भाग, मागचा अर्धा भाग आणि त्याच्यावरच बोळ, फॅमिली रूम, अंगण. प्रत्येकीला वेगळा व्हॉल्यूम कंट्रोल. तो ट्रान्सफॉर्मरवाला, १०० व्होल्टचा असावा आणि त्या लाईनच्या बेरजेपेक्षा मोठा असावा. मागच्या भागाची बेरीज ३९ वॅट, तिथे ५० किंवा ६० वॅटचा; फॅमिली रूमला १२चा चालेल. दुपारी पुढची चार टेबलंच भरलेली असतात, तेव्हा मागचा आवाज उतरवता आला पाहिजे.

स्पीकरचं वजन पीओपीवर टाकू नका. प्रत्येकाला तारेने स्लॅबच्या हुकाला बांधा. मागून डबा असलेला स्पीकर मिळाला तर तोच घ्या. धूळ आत जात नाही आणि आवाज छताच्या पोकळीतून फॅमिली रूममध्ये झिरपत नाही.

स्टिरिओचा आग्रह धरू नका. एक गिटार डाव्या बाजूच्या टेबलांना आणि गाणारा उजव्या बाजूला, असं होतं. मोनो करा, म्हणजे सगळ्या स्पीकरांतून एकच आवाज. त्यासाठी डावी-उजवी वायर नुसती एकत्र पिळू नका, त्याने प्लेअरचं आउटपुट बिघडू शकतं. अँपचं मोनो इनपुट वापरा किंवा मध्ये छोटा मिक्सर घ्या. खालचे सूर १०० हर्ट्झच्या आसपास कापणारा लो-कट अँपवर असेल तर तो चालू ठेवा. हे छोटे ट्रान्सफॉर्मर जड बेसला लवकर दमतात, मग आवाज फाटतो आणि लोक स्पीकरला नावं ठेवतात.

अँप गल्ल्याजवळ हवेशीर जागी ठेवा, वर-खाली दोन इंच मोकळे. भटारखान्याला लागून ठेवलात तर तेलकट वाफ आत पंख्यावर आणि सर्किटवर चिकटते. गाणी वाजवायला मालकाचा मोबाईल नको, कारण मध्येच रिंग वाजते आणि मालक बाहेर गेला की गाणंही जातं. वेगळा टॅब वायरने जोडा. बिलिंगचा कॉम्प्युटर किंवा टॅब दुसऱ्याच सॉकेटवरून चार्ज होत असेल तर ‘घूं’ असा ५० हर्ट्झचा आवाज येऊ शकतो. सगळं एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घ्या. तरीही राहिला तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. प्लगची अर्थिंगची पिन मोडून हा आवाज बंद करणारे कारागीर भेटतील. ते मुळीच करू देऊ नका, जीव जाऊ शकतो.

छत बंद व्हायच्या आधी तपासणी. साध्या मल्टीमीटरने फक्त वायर तुटली आहे की शॉर्ट आहे एवढंच कळतं; ट्रान्सफॉर्मरमुळे तो फार कमी ओहम दाखवतो आणि वायरमन घाबरतो. इम्पिडन्स मीटर (चालू आवाजाला लाईन खरे किती ओहम देते ते मोजणारा) मागवा. सगळे कंट्रोल पूर्ण उघडे ठेवून तुमच्या १११ वॅटच्या लाईनला ९० ओहमच्या आसपास दिसायला हवं. १६० वॅटच्या अँपची खालची हद्द साडेबासष्ट आहे. त्याखाली आकडा गेला तर अँप चालू करू नका, कुठलं तरी टॅपचं बटण चुकलंय. मग बेस असलेलं गाणं लावून स्पीकरांच्या रांगेखालून सावकाश चाला. दोन स्पीकरांच्या मध्ये आल्यावर अचानक आवाज पोकळ झाला, तर त्यांतल्या एकाची लाल-काळी वायर उलटी लागली आहे.

एवढं केलं तरी हॉल गोंगाटाचा होऊ शकतो, आणि त्याचं कारण स्पीकर नसतात. तुमचा हॉल साधारण ३४० घनमीटर. टाईल्स, काच आणि गुळगुळीत पीओपी असलेल्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला गणिताने ३ सेकंद लागतात. टेबलं आणि माणसं आल्यावर हा आकडा उतरतो, पण पुरेसा नाही. आवाज वाढला की माणूस नकळत आणखी मोठ्याने बोलतो, मग शेजारचा त्याहून मोठ्याने. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. छताचा निम्मा भाग, साधारण ५५ चौरस मीटर, आवाज शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या टाईल्सचा केलात तर तोच आकडा १ सेकंदाच्या खाली येतो. छत अजून उघडं आहे, तर टॉपवर जाणारे पैसे मी आधी इथे घालेन. जमलं नाही तर भिंतींवर कापड लावलेले ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे पॅनेल आणि खुर्च्यांच्या पायांना रबर, एवढं तरी कराच.

आवाज किती ठेवायचा? मोबाईलवरचं डेसिबल ॲप दोन-चार डेसिबल चुकतं, पण अंदाजाला चालतं. खुर्चीत बसून कानाच्या उंचीवर मोजा. दुपारी ५५ ते ६०, रात्री गर्दीत ६५ ते ७०. माणसांचाच गोंगाट ७५वर गेला असेल तर गाणं वाढवू नका, उलट एक घर खाली आणा.

अंगणातले स्पीकर बाहेर चालणारे, पाणी-उन्हाचे घ्या, ८ फुटांवर, हॉटेलच्या भिंतीवर, तोंड खाली टेबलांकडे. शेजारच्या इमारतीकडे एकही नको. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५ अशी मर्यादा आहे. खासगी जागेच्या हद्दीवर तुमच्या यंत्रणेचा आवाज या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून अंगणाच्या लाईनला वेगळा स्विच द्या, तो १०ला बंद होईल. लाउडस्पीकरला लेखी परवानगीही लागते, ती पोलीस ठाण्यात आधीच विचारून ठेवा.

गाण्यांचं लायसन्स हा वेगळा विषय. घरगुती स्ट्रीमिंगचं सबस्क्रिप्शन फक्त वैयक्तिक वापरासाठी असतं, हॉटेलात ते चालत नाही. रेकॉर्डिंगचे हक्क आणि शब्द-चालीचे हक्क वेगळ्यांकडे असतात. पीपीएल, आयपीआरएस, नोव्हेक्स या गाण्यांचं लायसन्स देणाऱ्या तिघांकडे चौकशी करा आणि तुम्ही वाजवणार त्या गाण्यांचे हक्क कोणाकडे आहेत ते लेखी घ्या.

या आठवड्यात एवढं करा: नकाशावर स्पीकरांच्या १८ जागांच्या (छतात १५, अंगणाच्या भिंतीवर ३) खुणा करून घ्या, एसी आणि लाईटवाल्याला त्याच कागदावर सही करायला लावा, चार लाईन ओढून घ्या, आणि छत बंद व्हायच्या आधी प्रत्येक वायरीचे फोटो काढून ठेवा.