कंपाउंड धनुष्यासाठी स्टॅबिलायझर निवडताना

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची असून सव्वा वर्षापासून कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्यावर सराव करते. तिचे ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) सध्या ४० पौंड, तर लेट-ऑफ (दोरी पूर्ण ओढल्यावर कमी होणारी ओढ) ८० टक्के आहे. स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवण्यासाठी त्याला जोडायचा दांडा) म्हणून धनुष्यासोबत आलेल्या आखूड दांड्यावरच आजवर तिचे भागले. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेती झाली, तेव्हापासून मैदानावरच्या प्रत्येक मुलीला तिच्यासारखाच पुढे लांब आणि मागे आखूड असा दांड्यांचा जोड हवा आहे. दुकानदार ३० इंची पुढचा दांडा, १२ इंची बाजूचा दांडा आणि २० औंस वजने असा पूर्ण संच घ्यायला सांगतात. किंमत आमच्यासारख्यांना जड आहे. हा संच घ्यावा का, आणि निवड कशाच्या आधारे करावी?
– एक पालक, सातारा

उत्तर : दांडे घ्यावेत, परंतु वीस औंस वजने आज घेऊ नयेत. या दोन गोष्टींचा निर्णय वेगवेगळा करायचा असतो आणि दुकानात त्या एकत्र विकल्या जातात, म्हणून बहुतेकांची तिथेच चूक होते.

स्टॅबिलायझरची गरज किती बारीक आहे, ते आधी पाहा. कंपाउंडची स्पर्धा ५० मीटरवर होते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ८ सेंटिमीटर असतो. सुमारे ७० सेंटिमीटर लांबीच्या बाणाचे मागचे टोक जागेवर ठेवून पुढचे टोक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त सरकले, तरी मध्यावर धरलेला नेम दहाच्या रेषेबाहेर जातो. हात पूर्णपणे स्थिर कोणाचाच राहत नाही. स्टॅबिलायझर थरथर नाहीशी करत नाही. धनुष्याला वळायला जड करून ती संथ आणि लहान करतो.

हे काम वजनापेक्षा लांबी अधिक स्वस्तात करते. दांड्याचे स्वतःचे वजन बाजूला ठेवले, तर वळण्याला होणारा विरोध वजन गुणिले अंतराचा वर्ग असा वाढतो. ३० इंचांवर लावलेले ४ औंस आणि २० इंचांवर लावलेले ९ औंस यांचा विरोध सारखाच, म्हणजे ३६०० भरतो. मात्र धनुष्य पुढे झुकवणारा भार (वजन गुणिले अंतर) पहिल्या मांडणीत १२० आणि दुसऱ्या मांडणीत १८० येतो, शिवाय खांद्यावर ५ औंस जास्त पडतात ते वेगळेच. वाढत्या वयाच्या मुलीने वजनाऐवजी लांबी निवडावी, असे मी आग्रहाने सांगतो, ते याच कारणासाठी. तिची उंची बेताची असेल तर २६ किंवा २७ इंचांचा दांडाही पुष्कळ आहे. उंची चांगली असेल तर ३० इंची घेतल्यास पुढे बदलावा लागणार नाही.

बाजूच्या दांड्याचे काम निराळे आहे. पुढचा भार तोलण्यासाठी तो मागे जातो आणि साइटचा (नेम धरण्याच्या साधनाचा) भार तोलण्यासाठी डावीकडे वळतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या खेळाडूच्या धनुष्यावर साइट उजवीकडे असते. तिच्यामुळे धनुष्य उजवीकडे कलते आणि बबल (साइटवरच्या पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा) मध्यावर आणायला मनगट नकळत पिळले जाते. हे पिळणेच बाण डावी-उजवीकडे विखुरते. पुढे २६ इंचांवर २ औंस असतील तर भार ५२ होतो; मागे १० इंचांवर ५ औंस लावले तर ५०. पण साइटही पुढे ओढत असते आणि तिरक्या दांड्याची सगळी लांबी मागे मोजली जात नाही, म्हणून मागे ६ किंवा ७ औंसांपासून सुरुवात करावी. दोन्ही मिळून ८ ते ९ औंस, म्हणजे सुमारे पाव किलो झाले. आपल्या मुलीला आज एवढेच पुरे.

वीस औंस का नकोत, याचे उत्तर तिच्या लेट-ऑफमध्ये आहे. ४० पौंडांचे धनुष्य ८० टक्के लेट-ऑफवर पूर्ण ओढले की दोरीची ओढ फक्त ८ पौंड उरते. धनुष्य हवेत घट्ट उभे राहते ते दोन हातांमधल्या या ओढीवर. ती कमी आणि पुढचे वजन जास्त असले की खांदा वर चढतो, पाठ मागे झुकते आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत पिन (साइटमधला नेमाचा ठिपका) खाली घसरू लागते. मोठ्या खेळाडूंची धनुष्ये अधिक पौंडांची असतात आणि त्यांच्या खांद्यांमागे अनेक वर्षांचा सराव असतो. त्यांची मांडणी जशीच्या तशी उचलणे मला धोक्याचे वाटते. प्रशिक्षकांना आपल्या कॅमवर (धनुष्याच्या टोकाच्या चाकावर) लेट-ऑफ ७० टक्क्यांवर आणता येत असेल, तर ओढ १२ पौंड होईल आणि केवळ तेवढ्यानेही धनुष्य बरेच शांत होईल. ड्रॉ लेंग्थ (दोरी जितकी मागे ओढली जाते ते अंतर) नीट आहे ना, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे. ती अर्धा इंच जास्त असली तरी पिन अशीच तरंगते आणि दोष मात्र स्टॅबिलायझरला मिळतो.

दांडे बसवल्यावर मुलीला डोळे मिटून धनुष्य पूर्ण ओढायला सांगा आणि स्थिरावल्यावर डोळे उघडून बबल पाहायला सांगा. ही चाचणी बाण लावून, टार्गेटसमोर आणि प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच करावी; रिकामी दोरी कधीही सुटता कामा नये. बबल नेहमी उजवीकडे सरकलेला दिसला तर धनुष्य डावीकडे कलले आहे. अशा वेळी बाजूचा दांडा थोडा आत घ्यावा. डावीकडे दिसला तर बाहेर काढावा. पिन सतत खाली जात असेल तर पुढचा एक औंस काढावा किंवा मागे एक-दोन औंस वाढवावेत. पिन वर उसळत असेल तर उलट करावे. एका वेळी एकच बदल करावा, त्यावर किमान ३० बाण मारावेत आणि बाणांच्या गटांची (ते किती जवळजवळ बसले याची) नोंद वहीत ठेवावी. नोंद सरावाच्या शेवटी, हात थकल्यावर घेतलेली असावी. ताज्या हाताने मारलेले पहिले सहा बाण कोणत्याही वजनावर सुंदरच बसतात.

राहिला खर्चाचा मुद्दा. पैसे दांड्याच्या ताठपणावर घालावेत. टोकाला वजन लावून दांडा हलकेच झटकला असता टोक बराच वेळ डोलत राहिले, तर तो घेऊ नये. पोलादी वजने एकेक औंसाची सुटी घेता येतात. त्यांचा पेच दांड्याच्या टोकाशी जुळतो का, ते दुकानातच बसवून पाहावे, कारण रायझरचा (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाचा) पेच ठरलेला असला तरी वजनांचे पेच दोन-तीन प्रकारचे येतात.

प्रश्न : इंटरनेटवर अनेक जण ८ ते १० इंचांचा, रबरी डॅम्परचा आखूड स्टॅबिलायझर उत्तम असल्याचे सांगतात. तो घेतल्यास वाऱ्याचा त्रासही कमी होईल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तो सल्ला बहुतांशी अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा आहे. झाडीतून धनुष्य घेऊन फिरताना लांब दांडा अडतो, म्हणून ते आखूड वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि आपण उघड्या मैदानावर उभे राहून बाण मारता, तेव्हा ती अडचण आपल्याला नाही. वाऱ्यासाठी लांबी कमी करण्यापेक्षा बारीक व्यासाचा ताठ दांडा घ्यावा. डॅम्पर बाण सुटल्यानंतरचा हादरा शोषतो. नेम धरताना त्याचा उपयोग नाही आणि तो फार मऊ असला तर पुढचे वजन लोंबकळते. हाताला झिणझिण्या येत असतील तरच, आणि कडक रबराचाच, लावावा.