दुकानाच्या कॅमेऱ्यात दिवसा दारातला माणूस काळा दिसतो आणि रात्री गाडीचा नंबर पांढरा दिसतो, एक्सपोजर आणि लाइटची सेटिंग काय ठेवू?

दिवसाचं आधी सांगतो, कारण कॅमेऱ्यातल्या असल्याच एका काळ्या आकृतीपायी आमच्या दुकानातला चांगला पोरगा काम सोडून गेला.

नाशिकला पंचवटीत दिंडोरी रोडला आमचं कृषी सेवा केंद्र आहे, मी आणि मोठा भाऊ बघतो. दुकान पूर्वेला तोंड करून, कॅमेरा आत गल्ल्याच्या मागे वर, तोंड दाराकडे. सकाळी आठ ते अकरा समोरून नुसता उजेड. ऑटो एक्सपोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा हे कॅमेऱ्याने स्वतः ठरवणं, सगळ्या फ्रेमचा मिळून हिशोब लावतं, दार पांढरंफटक असलं की अख्खं चित्र खाली ओढतं आणि मग दारासमोरचा माणूस म्हणजे कोळसा. शर्टाचा रंगसुद्धा कळत नाही.

२०१९ ची द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि गल्ल्यातून अकरा हजार गेले. रेकॉर्डिंग काढलं तर सव्वानऊला एक सडपातळ, टोपीवाली काळी आकृती काउंटरवरून वाकते, हात घालते, निघून जाते. आमच्याकडे पेठकडचा एक पोरगा चार वर्षं कामाला होता, सडपातळ, टोपी घालणारा. दादा म्हणाला हाच. मी म्हटलं यात तुला तोंड कुठे दिसतंय, तर म्हणे चाल तशीच आहे. पोरगा एक शब्द बोलला नाही, शटरची चावी काउंटरवर ठेवली आणि गेला. टोपी खिळ्याला तशीच राहिली.

मला दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी सव्वानऊला मीच ती टोपी घालून काउंटरवरून वाकलो आणि दुपारी दादाला रेकॉर्डिंग लावून दिलं, विचारलं हा कोण. म्हणाला, तोच की, परत आला होता का? दादा, हा मी आहे. तो गप्प बसला, पण पोराला फोन काही केला नाही, आणि आजही विषय निघाला की म्हणतो कॅमेरा खोटं बोलत नाही. बोलतो. सेटिंग चुकीची असेल तर रोज बोलतो.

मेनू उघडला तर डब्ल्यूडीआर (वाइड डायनॅमिक रेंज, उजेड-अंधार दोन्ही सांभाळणारी सेटिंग) बंद, बसवणाऱ्याने सगळं कंपनीतून आलं तसंच सोडलेलं. तो चालू केला. त्यात कॅमेरा एक कमी आणि एक जास्त उजेडाची फ्रेम घेऊन जोडतो, म्हणून दार पण दिसतं आणि चेहरा पण. बीएलसीने (मागून उजेड असला की पुढचं उजळणारी सेटिंग) चेहरा उजळतो पण दार जळून जातं. बॉक्सवर १२० डीबी (उजेड-अंधाराचा किती फरक झेपतो त्याचं माप) वगैरे लिहिलेलं असेल तर खरा डब्ल्यूडीआर, डीडब्ल्यूडीआर म्हणजे नुसतं सॉफ्टवेअरने अंधार उचलणं, गाळच वर येतो. मेगापिक्सल वाढवायला कोणी सांगितलं तर पैसे घालवू नका, त्यापेक्षा कॅमेरा दारासमोरून काढून बाजूच्या भिंतीला घ्या आणि काउंटरवर एक ट्यूब लावा.

रात्रीच्या नंबराचं थोडक्यात. नंबर प्लेट चमकणारी असते, कॅमेऱ्याचा आयआर, म्हणजे रात्री बघायला तो टाकतो तो न दिसणारा इन्फ्रारेड उजेड, तिच्यावरून सरळ परत येतो, म्हणून पांढरी. त्यात अंधारात कॅमेऱ्याचं शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/२५ सेकंदावर जातं, तेवढ्यात तीसच्या स्पीडची गाडी फूटभर पुढे गेलेली असते. शटर १/५०० च्या आसपास, आयआर कमी, एचएलसी (हेडलाइटसारखा झगमगाट दाबणारी सेटिंग) चालू. बाकी चित्र काळं होणार, म्हणून नंबरासाठी कॅमेरा वेगळाच ठेवा, एकाच कॅमेऱ्यात दोन्ही जमत नाही.

हो, एक राहिलंच, डब्ल्यूडीआर रात्री बंद ठेवा नाहीतर चित्रात मुंग्या येतात, दिवस-रात्र वेगळं प्रोफाइल असेल तर त्यात लावा. आणि ट्यूबखाली पट्टे फिरले तर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे का बघा, बऱ्याचदा ६० राहून गेलेली असते.

सेटिंग झाली की घरातली चार माणसं एकेक करून दारात उभी करा आणि जो तिथे नव्हता त्याला रेकॉर्डिंगमधून ओळखायला सांगा, लाइव्ह नको. मी हे वर्षातून दोनदा करतो, उन्हाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, कारण थंडीत ऊन खाली उतरून थेट आत येतं. दादाला बसवतो ओळखायला.