पार्सल निघालं, पण पोचलं नाही

प्रश्न : चिमूर तालुक्यात आशा सेविका आहे. आमच्या गावातल्या चार वर्षांच्या मुलीचं पोट फुगलंय, पानथरी वाढलीय. नागपूरला ‘गोशे’ आजार सांगितला. हा सिकलसेलसारखाच का?

वारशाचा हिशेब तोच. आईवडील दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडे जनुकाची एकेक सदोष प्रत असेल, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची 25 टक्के शक्यता. बिघाड मात्र वेगळा. पेशीतला कचरा कुजवणारा एक उकिरडा असतो, त्याला लायसोसोम म्हणतात. तिथलं एक विकर (एन्झाइम) नीट काम करत नाही म्हणून स्निग्ध पदार्थ पानथरीत, यकृतात, हाडांच्या मगजात साचत जातो. गंमत अशी, की बऱ्याच रुग्णांत हे विकर तयार होतं. पण त्याची घडी चुकते आणि पेशीचा तपासनीस ते वाटेतच अडवून मोडीत काढतो. एसटीचं पार्सल डेपोतच राहावं, तसं.

प्रश्न : विकरांची पेशीतली ही वाट शोधायला यीस्ट वापरतात, असं वाचलं. यीस्टला ना पोट ना पानथरी! – विज्ञान शिक्षक, हिंगणघाट

सर, पोट नाही, पण उकिरडा आहे. मोहफुलं आंबवणाऱ्या या एकपेशीय जीवात त्याला व्हॅक्युओल म्हणतात. दीड तासात एकाचे दोन होतात, त्यामुळे जनुकं बिघडवून पाहणं सोपं जातं. व्हॅक्युओलमध्ये जायचं एक विकर आहे, सीपीवाय. वाट चुकली की ते पेशीबाहेर सांडतं. मग वसाहतींवर कागदासारखा पडदा दाबायचा आणि सांडलेलं विकर रंगवायचं. जिथे डाग गडद, तिथे वाट बिघडलेली. या युक्तीने चाळीसवर जनुकं सापडली, त्यांना ‘व्हीपीएस’ म्हणतात. त्यातल्या व्हीपीएस33 च्या माणसातल्या एका भावंडात, म्हणजे तशाच जनुकात, बिघाड झाला की मुलांना साठवणीचा गंभीर आजार होतो, हे पुढे सायबेरियातल्या याकूत मुलांत दिसलं. यीस्टमधून प्रथिनं बाहेर पाठवण्याची वाट शोधणाऱ्या रँडी शेकमन यांना 2013 चं नोबेल मिळालं, तेही याच जीवावरच्या कामासाठी. वर्गात दाखवायचं असेल तर कोमट साखरपाण्यात बेकरीचं यीस्ट घाला, फेस येतो. व्हॅक्युओल मात्र साध्या भिंगाने दिसणार नाही.

प्रश्न : मग औषध यीस्टमधूनच निघेल?

सरळ नाही. आपल्या पेशी बऱ्याच विकरांवर मॅनोज-6-फॉस्फेटचा पत्ता चिकटवतात, यीस्टची पत्त्याची रीत निराळी. त्याला मेंदूही नाही, आणि बॅटनसारखे साठवणीचे आजार मेंदूच पोखरतात. तरी बॅटनच्या जनुकाचं भावंड यीस्टमध्ये आहे. ते काढून माणसाचं घातलं तर यीस्टमधला दोष भरून निघाला. म्हणजे औषधांची पहिली चाळणी तिथे लावता येते, शेवटची नाही.

प्रश्न : नवरा माझ्या मामाचा मुलगा. आमच्या बाळाला असाच आजार आहे. सासूबाई मलाच बोल लावतात.

ताई, नात्यात लग्न झालं की तोच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण सदोष प्रत दोघांकडून एकेक येते, तेव्हा एक सासूबाईंच्या मुलाकडचीही आहे. पुढच्या गरोदरपणाआधी दोघांनी जनुकीय सल्ला घ्या. दुर्मीळ आजारांसाठी 2021 चं राष्ट्रीय धोरण आहे, उपचाराच्या मदतीबद्दल डॉक्टरांना त्याचं नाव घेऊनच विचारा.