चौदा नंबरचा टीव्ही

प्रिय चिऊ,

रविवारी फोनवर मी आणि मामानं विको टर्मरिकची जाहिरात सुरात म्हणून दाखवली, तेव्हा तू हसत हसत विचारलंस, "आई, गाणी पाठ असतात हे कळलं, पण जाहिराती कोण पाठ करतं? तुम्हाला त्या स्किप करता येत नव्हत्या का?" तेव्हा भाजी करपत होती, म्हणून उत्तर राहिलं.

नव्हत्या येत. स्किप करायचं म्हणजे उठायचं, आणि उठलं की जागा गेली.

गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सुरुवातीला टीव्ही एकच होता, चौदा नंबरच्या काकूंकडे. (आडनावं होती सगळ्यांना, पण चाळीत माणूस खोलीच्या नंबरानं ओळखला जायचा. आम्ही सतरा नंबर.) शटरच्या लाकडी खोक्यातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. दाराबाहेर चपलांचा ढीग. पुढे जमिनीवर आम्ही पोरं, मागे बायका, काकामंडळी दारात उभी, आणि कॉलेजातले दादा लोक गॅलरीत, खिडकीच्या गजांना टेकून, 'आम्ही बघत नाही आहोत, सहज उभे आहोत' असा चेहरा करून. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२च्या २ ऑक्टोबरला आणि जाहिराती आल्या १९७६मध्ये. म्हणजे जाहिरातींशिवायचा टीव्ही मला आठवतच नाही. चॅनेल एकच. सिनेमा दर आठवड्याला वेगळा, जाहिराती मात्र त्याच. सिनेमा एकदा बघायला मिळायचा, जाहिरात शंभरदा. मग पाठ काय होणार, तूच सांग!

आणि आम्ही त्या नुसत्या ऐकायचो नाही, म्हणायचो. टीव्हीच्या आधी अर्धा शब्द आम्हीच. माझ्या आजीला हिंदीचा गंध नव्हता, पण भाजीवाल्या भय्याशी ती बोलायची ते सगळं हिंदी जाहिरातींतलं होतं. टोमॅटो हातात घेऊन त्याला 'दूध सी सफेदी' ऐकवायची. तो बिचारा गप्प राहून चार मिरच्या जास्त टाकायचा.

त्या विकोच्या जाहिरातीत 'नहीं कॉस्मेटिक' हे एवढं ठासून का सांगतात, याचं मला तेव्हा नवल वाटायचं. कुणी कुठे म्हणालं होतं कॉस्मेटिक आहे म्हणून? म्हणालं होतं, हे मला मोठेपणी कळलं. विको म्हणजे पेंढारकरांची कंपनी, १९५२ साली परळला सुरू झालेली. अबकारी खात्याचं म्हणणं, हे सौंदर्यप्रसाधन, त्याचा जास्त कर भरा. कंपनीचं म्हणणं, हे आयुर्वेदिक औषध. हा वाद कोर्टात कैक वर्षं चालला आणि शेवटी कंपनी जिंकली. म्हणजे आम्ही फ्रॉकातल्या पोरी गॅलरीत फुगड्या घालत जे गात होतो, तो एका कराच्या खटल्यातला मुद्दा होता!

लिज्जतची गोष्ट त्याहून घरातली. ते 'कर्रम कुर्रम' करणारं, खो खो हसणारं सशाचं बाहुलं रामदास पाध्यांचं, अर्धवटरावांना बोलतं करणारे तेच. आणि लिज्जत जन्मलं तेही गिरगावातच. १९५९ साली एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. आमच्या वीस नंबरच्या काकू त्यांच्यासाठी लाटायच्या. सकाळी भिजवलेलं पीठ घेऊन यायच्या, दिवसभर लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड नेऊन द्यायचे. टीव्हीवर ससा आला की अख्खी खोली माना वळवून वीस नंबरकडे बघायची. काकू पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "अगं, माझ्याकडे काय बघता? पुढे बघा!" पण ती जाहिरात त्यांनी कधी चुकवली नाही.

गणपतीत तर कहरच. आमच्या मंडळाचे दादा लोक दहा दिवस स्टेजवर काय काय करायचे: नाटुकली, रेकॉर्ड डान्स, आणि जाहिरातींची अंताक्षरी. जाहिरातींच्या चालींवर चाळीची गाणी रचायचे. एक अजून आठवतं:

पाणी आलं साडेचारला, हंडे लावा दारात
चौदा नंबर घोरत पडले, बादली त्यांची रांगेत

चौदा नंबरचे काका पहिल्या रांगेत बसून हसले आणि दुसऱ्या दिवशी वर्गणीत पाच रुपये कमी दिले.

फॅन्सी ड्रेसला मी निर्माची मुलगी झाले होते. अठरा नंबरच्या ताईचा पांढरा फ्रॉक, खास इस्त्री केलेला. स्टेजवर जाऊन फक्त एक गिरकी घ्यायची होती. पण माझा नंबर येईपर्यंत कुणीतरी वडा दिला, आणि हिरवी चटणी बरोब्बर छातीवर. रडत रडत गिरकी घेतली. खालून दादा लोक ओरडले, "अगं, पावडर बदल!" बक्षीस मिळालं, उत्तेजनार्थ, स्टीलची वाटी. तू लहानपणी ज्यातून तूपभात खायचीस ती.

आता मामाची खबर घेते. तो तुला सांगतो ना की अँटेना फिरवायला गच्चीवर तोच चढायचा? साफ खोटं. गच्चीवर नऊ नंबरचा दादा. खाली टीव्हीपाशी मी. मामा मध्ये जिन्यात, निरोप्या. मी ओरडायचे "मुंग्या!", त्यानं वर ओरडायचं "मुंग्या!". चित्र आलं की मी "आलं!". पण मामाला सिनेमा बघायची घाई. चित्र येवो न येवो, तो "आलं, आलं!" ओरडून पळत खाली यायचा, आणि अर्धा सिनेमा आम्ही मुंग्यांत बघायचो. पुढच्या रविवारी विचार त्याला, आणि काय उत्तर देतो ते मला कळव.

पार्सलमध्ये पापडाची दोन पाकिटं ठेवली आहेत, उडदाचे, मिरीवाले. हॉस्टेलच्या त्या शेगडीवर तवा ठेवून फडक्यानं दाबत भाज. आधी खिडकी उघड, नाहीतर मागच्या वेळसारखी धुराची घंटा वाजेल आणि सगळा मजला खाली उतरेल.

तुझी,
आई