केमोनंतरचे दिवस: ताप, मळमळ, तोंड आणि ताट

प्रश्न: आईच्या दुसऱ्या केमोला नऊ दिवस झालेत. काल रात्री अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल दिली. सकाळी ती ठीक आहे. तरी डॉक्टरांना कळवायला हवं का?

उत्तर: हो, आणि तेही गोळी देण्याआधी. हे उत्तर तुमच्या हाती पडेपर्यंत तो दिवस उलटलेला असेल, पण पुढच्या सायकलमध्येही, म्हणजे केमोच्या पुढच्या फेरीतही, नववा दिवस येणारच आहे.

केमोमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, कमी होतात. बऱ्याच औषधांत त्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यांत खाली जातात. त्या काळात पू, सूज, लाली फारशी दिसत नाही, कारण ती घडवणाऱ्या पेशीच पुरेशा नसतात. ताप ही अनेकदा एकमेव खूण असते आणि पॅरासिटामॉल नेमकी तीच झाकते. संसर्ग मात्र आत चालूच राहतो.

कपाळाला हात लावून ठरवू नका. डिजिटल थर्मामीटर ठेवा. तोंडात मोजणार असाल तर काही गरम किंवा थंड प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबा. गुदद्वारातून ताप मोजू नका, एनिमाही नको. तिथली छोटीशी जखम जंतूंना वाट करून देते. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी आकडा सांगितला असेल तर तो धरा. ताप नसताना हुडहुडी भरली, दम लागला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तरी तेच. उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबलेला असू शकतो.

इमर्जन्सी विभागात पोचल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: ‘केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, ताप इतका आहे.’ अशा रुग्णाला पहिलं अँटिबायोटिक तासाभरात मिळावं असा संकेत आहे. नुसतं ‘ताप आलाय’ म्हटलंत तर रांगेत बसावं लागेल. औषधांची यादी, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि रात्रीचा फोन नंबर एकाच पिशवीत ठेवा.

प्रश्न: वडिलांना केमोच्या दिवशी काहीच त्रास होत नाही, म्हणून उलटीच्या गोळ्या दिल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र पाणीही टिकेना. शिवाय चार दिवस पोट साफ नाही.

उत्तर: पहिला दिवस शांत गेला तो सलाइनमधून दिलेल्या उलटीवरच्या औषधांमुळे. चोवीस तासांनंतर सुरू होणारी मळमळ वेगळ्या वाटेने येते. सिसप्लाटिनसारख्या केमोच्या औषधात ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते. म्हणून या गोळ्या ‘लागली तर’ घ्यायच्या नसतात. चिठ्ठीवर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस, घड्याळ लावून. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही.

वेळांनाही अर्थ आहे. डेक्सामेथासोन सकाळी, खाल्ल्यावर. संध्याकाळी दिली तर रात्रभर झोप नाही. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर वाढते, ती मोजा. ओलान्झापिन या उलटीवरच्या गोळीने झोप येते म्हणून बहुधा रात्री देतात. पहाटे लघवीला उठताना तोल जाऊ शकतो, दिवा चालू ठेवा. ओन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्याच गोळीने बद्धकोष्ठ होतं, तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं मूळ बहुतेक तिथेच आहे. पुढच्या वेळी रेचक पहिल्या दिवसापासून हवं का, ते आधीच विचारून घ्या. चार दिवस पोट साफ नाही, त्यात पोट फुगलंय आणि उलट्याही होतायत, तर घरी उपाय करत बसू नका. चोवीस तासांत घोटभर पाणीही टिकलं नाही किंवा लघवी कमी आणि गडद झाली तरी फोन करायचा.

उलटीत केमोची गोळीच पडली, तर मनाने दुसरी देऊ नका. चुकलेला डोस दुप्पट करून भरून काढायचा नसतो.

प्रश्न: तोंडात फोड आलेत, गिळवत नाही. बर्फ चघळला तर चालेल का?

उत्तर: कुठली केमो, त्यावर. फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध पटकन इंजेक्शनने देतात तेव्हा पाच मिनिटं आधीपासून एकूण अर्धा तास बर्फ तोंडात घोळवला तर रक्तवाहिन्या आकसतात, औषध तोंडाच्या अस्तरापर्यंत कमी पोचतं आणि फोड कमी येतात. पण सोबत ऑक्सालिप्लाटिन हे दुसरं केमोचं औषध असेल तर बर्फ अजिबात नको. त्या औषधानंतर काही दिवस थंडाने बोटांत मुंग्या येतात आणि घसा आवळल्यासारखा होतो.

आलेल्या फोडांसाठी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, दोन्ही सपाट, लहान चहाचे चमचे. दर चार तासांनी आणि खाल्ल्यावर गुळण्या करायच्या, गिळायचं नाही. उरलेलं रोज फेकून द्या. अल्कोहोल असलेलं माउथवॉश बंद. ब्रश अगदी मऊ. बधिर करणारं जेल दिलं असेल तर लगेच गरम खाऊ नये, भाजलेलं कळत नाही. पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी असू शकते; तिचं औषध वेगळं.

प्रश्न: आई जेवत नाही. रोज ताटावरून भांडण होतं.

उत्तर: ‘अजून दोनच घास’ हे वाक्य आधी बंद करा. खाणं ही तिच्या प्रेमाची किंवा जिद्दीची परीक्षा झाली की भूक आणखी मरते. तीन जेवणांऐवजी पाच-सहा वेळा मूठभर द्या, बशी लहान घ्या. पाणी जेवणाच्या मधल्या वेळात. जेवताना पोट पाण्यानेच भरतं. वास सहन होत नसेल तर अन्न गार करून द्या. धातूची चव लागत असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरून पाहा. तिचा आवडता पदार्थ केमोच्या दिवशी मुद्दाम करू नका: मेंदू मळमळ आणि ती चव एकत्र बांधून ठेवतो, मग तो पदार्थ पुढे कित्येक महिने नकोसा होतो.

प्रथिनांचं लक्ष्य दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम, ६० किलोला ७२ ते ९० ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर आहारतज्ज्ञांना विचारून. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी वजन घ्या. ताटात किती उरलं यापेक्षा तो आकडा डॉक्टरांच्या कामाचा. शेजारपाजारचे काढे, पावडरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत. काहींचा यकृतावर परिणाम होतो, काही केमोच्या औषधाचं प्रमाणच बदलतात.

प्रश्न: घरात एकच संडास आणि सून गरोदर. धोका आहे का?

उत्तर: जवळ बसण्यात, मिठी मारण्यात, एकत्र जेवण्यात धोका नाही. केमोनंतर साधारण ४८ तास औषधाचे अंश लघवी, शौच, उलटीतून बाहेर पडतात. काही औषधांत जास्त वेळ, ते विचारून घ्या. तेवढा काळ पुरुष रुग्णानेही बसूनच लघवी करावी आणि झाकण लावून दोनदा फ्लश करावं. डागलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. हे काम आणि केमोच्या गोळ्या हाताळणं सुनेकडे नको. गोळी कुणीही कुटून किंवा तोडून देऊ नये.